ओळंबा थांबू द्या

वारज्याहून आलेलं हे पत्र पाच पानांचं आहे. विषय पिनबॉलच्या मशिनांचा, म्हणजे काचेखालच्या उतरत्या पाटावर पोलादी गोळा दोन बटणांनी हलणाऱ्या दांड्यांनी, फ्लिपरनी, उडवत ठेवायच्या खेळाचा. त्यातला मुख्य भाग तेवढा इथे देते.

"ताई, नमस्कार. वय ४७, नोकरी आयटीत. ११ वर्षं शिकागोजवळ होतो. २०१३ साली पुण्याला परतलो तेव्हा घरसामानाच्या कंटेनरमधून दोन पिनबॉल मशिनं आणली. आज नऊ आहेत. तीन घरी, सहा धायरीला भाड्याच्या गाळ्यात. नवांपैकी चालतात चार, दोन घरी आणि दोन गाळ्यात. एक तर केवळ पार्ट काढायला म्हणून घेतलं होतं, आता तेही उभं करावं असं वाटतं. गेल्या पावसाळ्यात एका मशीनच्या बोर्डावरचे सेल फुटले आणि मला ते तीन महिन्यांनी कळलं. बोर्ड गेला. त्या दिवसापासून गाळ्याचं शटर वर करायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे एखादं मशीन आहे ते सगळे मलाच फोन करतात, व्हिडिओ कॉलवर जळलेली कॉइल दाखवतात. नाही म्हणता येत नाही. बंद असलेल्या एकेका मशीनला ३०-४० तास तरी लागतील. बायको म्हणते, विकून टाक. मुलगी १४ वर्षांची आहे, आधी रोज खेळायची, आता विचारतही नाही. विकायचं म्हटलं की धस्स होतं, ठेवायचं म्हटलं की गळून जायला होतं. आणि तरी रात्री बारा वाजता मी मोबाइलवर दहावं मशीन बघत बसलेला असतो. सगळी विकून मोकळा होऊ, की एकदाचा जोर लावून सगळी चालू करून टाकू? – टिल्ट, वारजे"

प्रिय टिल्ट,

तुमचं पत्र मी पेन्सिल हातात घेऊन दोनदा वाचलं. सेल, बोर्ड, डायोड, कस्टम ड्युटी, टेम्पो, हमाल, गाळ्याचं भाडं, सगळ्यांखाली खुणा करत गेले. शेवटच्या पानावर आले तेव्हा लक्षात आलं, की पाच पानांत तुम्ही स्वतः एकदाही खेळलेला नाहीत. 'खेळायची' हा शब्द एकदाच आलाय, तो मुलीबद्दल, आणि तोही भूतकाळात.

तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असं आहे. आत्ता काही विकू नका, आणि जोर तर मुळीच लावू नका.

तुम्ही पत्रात बर्नआउट हा शब्द वापरलाय आणि लगेच पुढे लिहिलंय, 'छंदात कसला आलाय बर्नआउट, लाज वाटते म्हणायला.' लाज वाटून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या शब्दाची व्याख्या दिली आहे. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. अंगातली शक्तीच संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन विटणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना. तिन्ही तुमच्या पत्रात आहेत. पण त्याच व्याख्येत असंही स्पष्ट म्हटलंय, की हा शब्द नोकरी-व्यवसायापुरताच वापरायचा, आयुष्यातल्या बाकी गोष्टींना लावायचा नाही. मी हे तुमच्या बाबतीत उलट्या बाजूने वाचते. तुम्हाला हा शब्द इतका चपखल बसतोय, याचा अर्थ धायरीच्या गाळ्यात छंद उरलेला नाही, तिथे तुमची दुसरी नोकरी चालू आहे. पगार नाही, सुट्टी नाही आणि राजीनामा कुणाकडे द्यायचा तेही माहीत नाही, अशी.

हे तुमच्या ढिलाईमुळे झालं असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. हे यंत्र घरात ठेवायला बनलेलंच नव्हतं. तुम्ही शिकागोत राहिलात, तुम्हाला ठाऊक आहे की पिनबॉलचे जवळजवळ सगळे मोठे कारखाने त्याच शहरात होते. तिथून मशिनं जायची ती ऑपरेटरकडे. ऑपरेटर ती बारमध्ये, कॅफेत, लॉन्ड्रीत ठेवायचा, नाण्यांतला वाटा दुकानदाराला द्यायचा, आणि ती चालू राहावीत म्हणून पगारी मेकॅनिक गावभर फिरवायचा. काही वर्षांत मशीनने पैसे वसूल केले की नवं यायचं. सत्तावीस मिलिमीटर व्यासाचा, ऐंशी ग्रॅमचा पोलादी गोळा प्लायवुडच्या पाटावर वर्षानुवर्षं आदळतोय, प्रत्येक आदळण्यासाठी खाली एक स्विच आहे, प्रत्येक उसळीसाठी तारेच्या वेढ्यांची एक कॉइल आहे. असं यंत्र बिघडणारच. बिघडणं धरूनच ते बनवलंय, म्हणून तर समोरचं दार आणि वरचा पाट उघडायला इतका सोपा ठेवलाय. त्यात ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर जन्मलेलं, इथे २३० आणि ५० वर ट्रान्सफॉर्मर लावून चालवायचं. वर पुण्याचा पावसाळा. अशी नऊ मशिनं तुम्ही नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी, एकटे चालू ठेवायला बघताय. ऑपरेटरही तुम्ही, मेकॅनिकही तुम्हीच. नाणं टाकून खेळणारा जो तिसरा माणूस होता, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो मात्र गाळ्यात कुठे दिसत नाही.

मला हे कळतं, कारण मी यातून गेले आहे. माझा नाद व्हॉल्व्हच्या रेडिओंचा. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, त्यामुळे ओळखीतले लोक जुने सेट आणून द्यायचे. सुरुवातीला मीच मागून आणत होते. मग लोक न विचारता आणू लागले. 'आमच्या बाबांचा आहे, तुमच्याकडे नीट राहील.' यावर नाही कसं म्हणणार? नारायण पेठेतल्या आमच्या मागच्या खोलीत बघता बघता २६ रेडिओ जमले. प्रत्येकाबरोबर कुणाचे तरी वडील आले होते. खोलीत गेलं की ते सगळे माझ्याकडे बघताहेत असं वाटायचं, आणि मी दार ओढून घ्यायचे. एकदा भाचीचा मुलगा आला. सहा वर्षांचा. खोलीभर फिरला आणि म्हणाला, 'आजी, यातला लाव ना एक.' मी लावायला गेले. पहिला गुणगुणून बंद पडला, दुसऱ्याची डायलची दोरी तुटलेली, तिसऱ्यातून जळका वास आला. तो बिचारा कंटाळून बाहेर पळाला. मी तिथेच खाली बसले. पुणे केंद्राच्या बातम्या मी तोवर कितीतरी वर्षं मोबाइलवर ऐकत होते.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्ही करू नका, म्हणून सांगते. दुसऱ्याच दिवशी पाच सेट मी एका भंगारवाल्याला देऊन टाकले. मोकळं वाटलं, नाही असं नाही. पण चारेक आठवड्यांनी एका रविवारी जुन्या बाजारात गेले होते, तिथे एका ताडपत्रीवर त्यातलाच एक दिसला. स्पीकरच्या चुंबकासाठी पुढची जाळी फाडलेली, सागवानी खोक्याचा एक कोपरा उडालेला. माझ्याच हाताने चिकटवलेली चिठ्ठी त्याच्या पाठीवर अजून होती. तो ज्यांनी विश्वासाने दिला होता त्या बाई आजही भेटतात आणि विचारतात, 'बाबांचा रेडिओ बरा आहे ना?' दमलेल्या माणसाने काही विकू नये, हे मी त्या दिवशी शिकले. दमलेला माणूस किंमत बघत नाही, गिऱ्हाईक बघत नाही. त्याला फक्त समोरची वस्तू नाहीशी व्हायला हवी असते.

आता 'एकदाचा जोर लावून' याबद्दल. हिशेब तुमचेच आकडे धरून मांडते. पाच मशिनं, प्रत्येकी साधारण ३५ तास, म्हणजे १७५ तास. शनिवारचे चार तास धरले तर ४४ शनिवार. त्यातून गणपती, दिवाळी, मुलीच्या परीक्षा, लग्नकार्यं, ऑफिसचे कॉल वजा करा. दीड वर्ष झालं. या दीड वर्षात चालू असलेली चार मशिनं काय शांत बसतील? आणि तुम्ही दिवसभर ऑफिस करून रात्री दहाला सोल्डरिंग गन हातात घेणार. कॉइलच्या लाइनवर ५० ते ७० व्होल्ट डीसी असतात, जुन्या डिस्प्लेच्या लाइनवर त्याहून बरेच जास्त, आणि पॉवर स्विचपाशी सरळ मेन्स. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला मी हे सांगायला नको. पण विद्यार्थ्यांच्या हाताला बसलेले झटके मी पाहिलेत, आणि त्यातले बहुतेक हुशार मुलांना, प्रॅक्टिकलच्या शेवटच्या तासाला बसलेले आहेत. दमलेल्या हाताने काच उघडायची नाही. एवढं माझं ऐकाच.

तुम्ही पत्राखाली सही 'टिल्ट' अशी केलीत. ती वाचून मला बरं वाटलं, कारण उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय. ज्या वाचकांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मशीनच्या पोटात, पुढच्या दारापासून हातभर आत, डाव्या अंगाला एक ओळंबा लटकत असतो. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतो तसाच, छोटासा. त्याच्याभोवती धातूची एक कडी. खेळणारा मशीनला थोडे धक्के देऊ शकतो, ते खेळातच धरलेलं आहे. पण धक्के फार झाले की ओळंबा कडीला टेकतो, सर्किट पुरं होतं, दिवे जातात, फ्लिपर लुळे पडतात आणि तो बॉल हातचा जातो. याला टिल्ट म्हणतात.

आता पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. १९९८ साली मी भावाकडे अमेरिकेत गेले होते. त्याच्या घराजवळच्या लॉन्ड्रीत एक मशीन होतं. कपडे सुकेपर्यंत मी पंचवीस-पंचवीस सेंट घालून खेळायचे आणि चिडून मशीन हलवायचे. टिल्ट झालं की त्याच रागात पुढचा बॉल सोडायचे, आणि तो वर पोचायच्या आत पुन्हा टिल्ट. मला वाटायचं मशीन खराब आहे. तिथे एक म्हातारे गृहस्थ यायचे, त्यांनी एकदा माझा हात प्लंजरवर, म्हणजे गोळा सोडायच्या दांड्यावर, धरून ठेवला. म्हणाले, थांब, आतला ओळंबा अजून हलतोय. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, काही न करता. वीसेक सेकंद असतील, मला फार मोठी वाटली. मग त्यांनी हात काढला.

तुमचा ओळंबा अजून हलतोय. विकू की दुरुस्त करू, दहावं घेऊ की नऊही देऊन टाकू, यातलं काहीही तुम्ही आत्ता ठरवलंत तरी पुन्हा टिल्टच होणार. म्हणून माझा सल्ला असा, की खंडेनवमीपर्यंत थांबा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी पान्हे, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन पुसून, हळदकुंकू लावून गाळा उघडा. तोपर्यंत खरेदी नाही, विक्री नाही, दुरुस्ती नाही. रात्रीचं ते मोबाइलवर मशिनं बघणं खरेदीतच धरा. दहाव्या मशीनकडे बघताना तुम्हाला जे हवंसं वाटतं ना, ते अजून न बिघडलेलं मशीन आहे म्हणून वाटतं.

थांबण्याआधी मात्र एक काम आहे आणि ते पाऊस यायच्या आत करायला हवं. पाऊस आता दोन-तीन आठवड्यांवर आलाय. येत्या शनिवारी सकाळी गाळ्यावर जा, पण एकटे जाऊ नका, मुलीला नाहीतर मित्राला बरोबर घ्या. दोन तासांत परत यायचं असं ठरवूनच निघा. प्रत्येक मशीनचे सेल काढा, चांगले दिसले तरी काढा. सेल फुटतो तेव्हा आवाज येत नाही. आतला क्षार बोर्डावर उतरतो आणि तांब्याच्या रेघा खात सुटतो, तुम्ही ते बघितलंच आहे. मग गोळे काढा, कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचं बोट फिरवून डब्यात ठेवा. आत राहिले तर गंजतील, आणि गंजका गोळा फिरला की पाट कानशीने घासल्यासारखा होतो. प्लग उपटून ठेवा. मशिनं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पाय काढून आडवी ठेवलेली असतील त्यांच्याखाली विटा घालून वर घ्या. वर जुन्या सुती चादरी टाका. प्लास्टिक नको, त्यात घाम धरतो. इलेक्ट्रॉनिक बोर्डाऐवजी रिलेवर चालणारं जे जुनं मशीन आहे त्यात सेल नसतात, त्याला चादर पुरे. डायरी बरोबर नेऊ नका. काय काय बिघडलंय ते टिपायचं नाही, काच उघडून 'जरा बघू' म्हणायचं नाही. शटर ओढा, कुलूप घाला. वाटेत कुठेतरी मिसळ खा आणि घरी या.

फोनचं काय करायचं? तुम्ही लिहिलंय, नाही म्हणता येत नाही. मलाही म्हणता येत नसे. तोंडाने म्हणता येत नसेल तर लिहून म्हणा. एकच मजकूर सगळ्यांना पाठवा: 'दसऱ्यापर्यंत मी मशीनचं कुठलंही काम बघणार नाही. वास आला, धूर दिसला, फ्यूज पुन्हा पुन्हा गेला तर प्लग काढून ठेवा. दसऱ्यानंतर बोलू.' कारण देऊ नका. आपल्याकडे कारण दिलं की त्यावर तोडगा सुचवतात. चार जण नाराज होतील. होऊ देत.

आणि त्या लोकांना तुमच्याशिवाय अडतंच असं नाही. जळलेल्या कॉइलचंच घ्या. तिच्यावर गुंडाळलेल्या कागदावर आकडे छापलेले असतात. २३-८०० असेल तर २३ गेजची तार आणि ८०० वेढे. भोसरीला मोटर वाइंडिंग करून देणारे आहेत, त्यांच्याकडे फॉर्मर, म्हणजे तार गुंडाळायची रिकामी फिरकी, घेऊन गेलं तर ते गुंडाळून देतील. फक्त गेज अमेरिकन मापाचा असतो आणि आपल्याकडे ब्रिटिश गेज चालतो, दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. म्हणून गेज न सांगता जाडी मिलिमीटरमध्ये सांगायची. अमेरिकन २३ म्हणजे ०.५७ मिलिमीटर. डायोड, ट्रान्झिस्टर, कनेक्टर तापकीर गल्लीत बघता येतील. या सगळ्याचं दसऱ्यानंतर, सवडीने, एक चार पानांचं टिपण करा आणि फोन करणाऱ्याच्या हातात ठेवा. आज हे ज्ञान तुमच्या एकट्याच्या डोक्यात आहे, म्हणून प्रत्येक बिघाड तुमच्या दारात येतो.

घरातल्या तीन मशिनांबद्दल वेगळं सांगते. चालणारी दोन तशीच राहू द्या, त्यांचे सेल तेवढे नवे घाला. बंद असलेल्या तिसऱ्यावर चादर टाका. मग रोज रात्री जेवण झालं की एका मशीनवर एकच गेम खेळा, तीन बॉल. एखादा दिवा गेलेला असेल, उजवा फ्लिपर जरा ढिला वाटेल, कुठलंसं टार्गेट गोळा लागूनही नोंद घेणार नाही. काच उघडायची नाही. तुमच्या हाताला हे फार जड जाईल, मला कल्पना आहे. कानसुद्धा खेळाचे आवाज न ऐकता बिघाडाचे आवाज शोधत राहतील. माझ्या बाबतीत ते पाच-सहा आठवडे चाललं. मी एकच रेडिओ स्वयंपाकघरात आणून ठेवला होता, वडिलांचा. दर संध्याकाळी लावायचे, व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं, मग मॅजिक आयची, म्हणजे स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणाऱ्या दिव्याची, हिरवी पाकळी हळूहळू उमलते. पहिले कितीतरी दिवस ती पाकळी फिकी का आहे एवढंच मला दिसायचं. एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, ७९२ किलोहर्ट्झवर कुणीतरी यमन गात होतं, आणि पोळ्या संपल्या तेव्हा लक्षात आलं की पाकळीकडे आपलं लक्षच गेलं नाही. तुमच्याकडे असं केव्हा होईल ते मी सांगू शकत नाही. पण रोज तीन बॉल खेळल्याशिवाय होणार नाही.

या खेळात फ्लिपर आले १९४७ साली. त्याआधी सोळा-सतरा वर्षं पिनबॉल होता तो असा, की प्लंजर ओढायचा, गोळा सोडायचा आणि तो खिळ्यांमधून कुठे पडतो ते बघत राहायचं. आपल्याकडे लहानपणी लाकडी फळीवर खिळे ठोकलेलं बॅगाटेल असायचं तसंच. फ्लिपर आल्यावर खेळणाऱ्याच्या दोन बोटांना काही म्हणता येऊ लागलं. शिकागोत तुम्हाला वेड लागलं ते त्या दोन बोटांचं असणार, माझी खात्री आहे. ती बोटं गेली कित्येक वर्षं फक्त स्क्रूड्रायव्हर धरताहेत.

पत्नीचं 'विकून टाक' तुम्हाला लागलेलं दिसतं. मला तरी त्यात मशिनांबद्दलचा राग दिसला नाही. त्यांनी गेली बारा वर्षं बैठकीच्या खोलीत सव्वाशे-सव्वाशे किलोची धुडं सांभाळली आहेत. त्यांना माझं हे उत्तर वाचायला द्या आणि खंडेनवमीपर्यंत काही घेणार नाही हे त्यांच्यासमोर एकदा मोठ्याने म्हणा. गाळ्याच्या भाड्याचा आकडाही सांगा. तो त्यांना माहीत नाही असं तुमच्या पत्रातून मला जाणवलं.

दसऱ्यानंतर विक्रीचा विचार जरूर करा. तेव्हा कोणती ठेवायची हे किंमत बघून ठरवू नका, किती तास घातले हे बघून तर नकोच. चादरी काढाल तेव्हा हात आपोआप कुठल्या मशीनच्या बटणांवर जातो ते बघा. मला वाटतं कंटेनरमधून आलेली पहिली दोन राहतील, अजून एक-दोन राहतील. पार्टसाठी घेतलेलं मशीन पार्टसाठीच राहू द्या, त्याला उभं करायचं तुम्ही कुणाला वचन दिलेलं नाही. जी जातील ती चालवणाऱ्याच्या घरी जावीत. काय बिघडलंय ते कागदावर लिहून द्यावं आणि दुरुस्तीची जबाबदारी बरोबर द्यावी, स्वतःकडे ठेवू नये. बाजीराव रस्त्यावरचं केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. आज तिथे २० हजारांहून जास्त वस्तू आहेत, आणि मांडलेल्या आहेत त्या अडीच हजारांच्या आसपास. बाकीच्या झाकून ठेवलेल्या. पण तो संग्रह शेवटी त्यांनी राज्य सरकारच्या स्वाधीन केला, त्याला सांभाळायला माणसं मिळाली. इतका जीव लावून जमवणाऱ्या माणसालाही तो पुढे दुसऱ्यांच्या हातात द्यावा लागला. तुमच्याकडे एक गाळा आणि शनिवारची सकाळ आहे. त्या मानाने तुम्ही बरंच सांभाळलंत.

एक गोष्ट विचारायलाच हवी. मन फक्त मशिनांवरून उडालंय की सगळ्यावरूनच? जेवण लागतं का, झोप येते का, मित्र भेटले तर बरं वाटतं का, गाणं ऐकावंसं वाटतं का? सिंहगडावर पहाटे जाता असं तुम्ही लिहिलंय, ते अजून आवडतं का? या सगळ्याचं उत्तर 'नाही' असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस तसं चाललेलं असेल, तर हा मशिनांचा प्रश्न नाही. मग डॉक्टरांना भेटा, खंडेनवमीची वाट बघू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, पण पत्रावरून सगळं कळत नाही.

शनिवारी गाळ्यात एवढं विसरू नका. तिथली चालणारी जी दोन मशिनं आहेत, त्यांचे सेल काढण्याआधी ती एकदा चालू करा आणि थोडं थांबा. खेळणारं कुणी नसलं की मशीन आपणहून हाय स्कोअरची यादी दाखवतं. तिचा फोटो काढा, कारण सेल निघाले की यादी पुसली जाते. मुलगी बरोबर असेल तर फोटो तिलाच काढू द्या. तुम्हीच लिहिलंय, आधी ती रोज खेळायची. त्या यादीत कुठेतरी तिची तीन अक्षरं असतील.